नाव तेच, जहाज नवे

(कोंढा येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज मी तुम्हांला समुद्रावरची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही मनात म्हणाल, कोंढा कुठे आणि समुद्र कुठे! खरे आहे. भंडारा रोड स्टेशनावर गाडीत बसावे, तर मुंबई नऊशे किलोमीटरच्या घरात. आपल्याला ठाऊक असलेले पाणी म्हणजे बांधीतले, तलावातले आणि पवनीजवळच्या वैनगंगेचे. मोठे जहाज आपण पाहिलेले नाही. आपण पाहिलेला असतो तो ढिवर बांधवांचा डोंगा.

तरी ही गोष्ट मी मुद्दाम निवडली. का निवडली, ते आधी सांगतो.

मागच्या आठवड्यात आपण फळ्यावर 'नाव' हा शब्द लिहिला. दोनच अक्षरे. मी विचारले, याचा अर्थ काय? बहुतेक मंडळी म्हणाली, माणसाचे नाव. एक ढिवर दादा म्हणाले, "नाव म्हंजे डोंगा ना गा, गुरुजी!" दोन्ही उत्तरे बरोबर होती. सगळे हसले. पण मागे भिंतीला टेकून बसलेली एक आजी हसली नाही. वर्ग सुटल्यावर ती थांबली.

तिच्या घरी बारसे आहे. नातू झाला आहे. तिचा थोरला मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वी ऐन पंचविशीत तापाने गेला. आता धाकट्या मुलाचे म्हणणे असे, की पोराला भावाचेच नाव ठेवायचे. आजीला ते नको. ती मला म्हणाली, "जो गेला त्याचं नाव पुन्हा पाळण्यात कायले घालतेत, गुरुजी? हाक मारली का माझा जीव तिकडं जाते." घरात दोन तट पडले आहेत. सून बिचारी मधे सापडली आहे.

ही गोष्ट वर्गात सांगू का, असे मी आजीला विचारले. ती म्हणाली, "सांगा. पण माझं नाव सांगू नका." म्हणून सांगत नाही.

आता अशा घरगुती गोष्टीत मी काय बोलणार? मी रात्री घरी गेलो आणि विचार करीत बसलो. तेव्हा मला नौदलाची आठवण झाली. आपण आज्याचे नाव नातवाला ठेवतो ना, तसेच नौदलात जुन्या जहाजाचे नाव नव्या जहाजाला ठेवतात. त्यांतली काही जहाजे म्हातारी होऊन गेली. काही बुडाली. माणसे घेऊन बुडाली. मग त्या बुडालेल्या जहाजाच्या नावाचे काय करायचे, हा प्रश्न नौदलापुढेही आला. त्यांनी काय केले, ते आज पाहू.

देशाच्या रक्षणासाठी तीन दले आहेत. जमिनीवर भूदल, आकाशात वायुदल आणि समुद्रावर नौदल. नौदलाच्या लढाऊ जहाजाला युद्धनौका म्हणतात. तिच्या नावाआधी 'आय. एन. एस.' अशी तीन इंग्रजी अक्षरे लावतात. त्यांचा अर्थ, भारतीय नौदलाचे जहाज. नावे कशीही ठेवीत नाहीत. सरकारात त्यासाठी एक समिती असते. मोठ्या विनाशिकांना शहरांची नावे देतात, जसे दिल्ली, मुंबई, कोलकाता. त्यांच्याहून लहान नौकांना नद्यांची आणि डोंगरांची नावे मिळतात. आणखी लहान असतील तर हत्यारांची: खुकरी, कृपाण. पाण्याखालून चालणाऱ्या पाणबुड्यांना बहुधा माशांची नावे असतात. जहाज सेवेतून निवृत्त झाले की त्याचे नाव मोकळे होते, आणि पुढे ते दुसऱ्याला मिळू शकते.

सुरुवात आपल्या घराजवळून करू. आपली वैनगंगा पवनीवरून खाली वाहत जाते. पुढे तिला वर्धा नदी मिळते. दोघींची मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे कोंढ्याच्या बांधीतून वाहून गेलेले पाणी शेवटी गोदावरीचेच होते. त्या गोदावरीच्या नावाच्या आजवर तीन युद्धनौका झाल्या.

पहिली गोदावरी १९४३ सालची. इंग्रजांचे राज्य होते आणि दुसरे महायुद्ध चालू होते. पुढे १९४७ साली देशाची फाळणी झाली. भाऊ वेगळे निघाले की भांडीकुंडी वाटतात, तशी जहाजेही वाटली गेली. ही गोदावरी पाकिस्तानच्या वाट्याला गेली. त्यांनी तिचे नाव बदलून सिंध ठेवले. पाहा, लोखंड तिकडे गेले, पण नाव आपल्याकडेच राहिले!

दुसरी गोदावरी १९५३ साली आली. हेही इंग्लंडात बांधलेले, महायुद्धात वापरलेले जहाज. युद्धात ते पोलंड देशाच्या झेंड्याखालीही लढले होते. आपल्याकडे आल्यावर त्याला गोदावरी हे नाव मिळाले. १९७६ साली मालदीव बेटांजवळ ती उथळ पाण्यात रुतली आणि फार नुकसान झाले. १९७९ साली तिची मोडतोड झाली. नदीचे नाव लावून निघालेली नौका खडकावर जाऊन बसली. कोणी म्हटले असते, की हे नाव लाभत नाही, आता नको.

पण नौदलाने तेच नाव पुन्हा ठेवले. तिसरी गोदावरी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली. तिचा आराखडा आपल्याच नौदलाच्या लोकांनी काढला होता. १० डिसेंबर १९८३ रोजी ती नौदलात दाखल झाली. पुढे काय झाले ऐका. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये काही भाडोत्री बंदूकधारी घुसले आणि तिथले सरकार उलथवायला निघाले. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी भारताची मदत मागितली. आपले सैनिक विमानाने गेले. बंदूकधारी पळाले, एक जहाज पळवून समुद्रात शिरले आणि सोबत ओलीस माणसे घेऊन गेले. त्या जहाजाचा पाठलाग करून त्याला अडवणाऱ्या नौकांत गोदावरी होती. ज्या मालदीवपाशी दुसरी गोदावरी रुतली, त्याच समुद्रात बारा वर्षांनी तिसरीने हे काम केले. पुढे २३ डिसेंबर २०१५ रोजी ती निवृत्त झाली. बत्तीस वर्षे नोकरी झाली होती.

आता दुसरे नाव घेऊ. खांदेरी.

अलिबागजवळ थळ नावाचे गाव आहे. त्याच्यासमोर समुद्रात एक लहान बेट आहे, ते खांदेरी. मुंबई बंदरात जाणाऱ्या येणाऱ्या जहाजांवर तिथून नजर ठेवता येते. मुंबईत इंग्रज बसले होते आणि जंजिऱ्यात सिद्दी. शिवाजी महाराजांनी ओळखले, की हे बेट ज्याच्या हाती, त्याच्या हाती मुंबईची वाट. १६७९ साली पावसाळ्यातच महाराजांनी तिथे किल्ला बांधायचे काम सुरू केले. मायनाक भंडारी नावाचा दर्यावर्दी तिथे पाठवला. हा भंडारी म्हणजे आपल्या भंडाऱ्याचा नव्हे हो! भंडारी हा कोकणातला समाज. ती माणसे समुद्रावर मोठी वाकबगार.

इंग्रज घाबरले. त्यांनी जहाजे पाठवली. सप्टेंबरात त्यांनी बेटावर उतरायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा एक अधिकारी आणि काही माणसे मारली गेली. ऑक्टोबरात मोठी लढाई झाली. मराठ्यांच्या आरमाराचा प्रमुख दौलतखान होता. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफाही मोठ्या. मराठ्यांची गलबते लहान, पण चपळ. उथळ पाण्यातून सटकत, रात्रीच्या अंधारात बेटावर दाणागोटा आणि सामान पोचवीत. एका बाजूने लढाई चालली होती आणि दुसऱ्या बाजूने गवंडी भिंत चढवीत होते. इंग्रजांचे एक गलबतही मराठ्यांनी पकडले. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी हात टेकले. किल्ला महाराजांकडेच राहिला. एप्रिलमध्ये महाराज गेले. म्हणजे समुद्रावरचे त्यांचे हे अखेरचे मोठे काम.

२०२५ साली जुलै महिन्यात मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत खांदेरी आहे.

या बेटाचे नाव नौदलाने पाणबुडीला दिले. खांदेरी हे एका माशाचेही नाव आहे असे नौदलाकडून सांगितले जाते. असेल. मला मात्र किल्लाच आठवतो.

पाणबुडी म्हणजे काय, ते थोडे समजून घेऊ. रिकामी घागर विहिरीत सोडली तर ती तरंगते. तिच्यात पाणी शिरले की खाली जाते. पाणबुडीच्या अंगात मोठमोठ्या टाक्या असतात. टाक्यांत समुद्राचे पाणी घेतले की ती बुडी मारते. वर यायचे असले म्हणजे दाबलेली हवा सोडून ते पाणी बाहेर ढकलतात. घागरीला वर ओढायला दोर लागतो, हिला लागत नाही. आत माणसे आठवडेच्या आठवडे राहतात. सूर्य दिसत नाही. घरी फोन नाही. बाहेरचे जग कानांनीच ओळखायचे. पाण्यातून येणारा आवाज ऐकायचा आणि ठरवायचे, हे मालाचे जहाज, की शत्रू, की मोठा मासा.

पहिली पाणबुडी खांदेरी ६ डिसेंबर १९६८ रोजी रीगा बंदरात आपल्या नौदलात आली. तेव्हा रीगा सोव्हिएत रशियात होते, आज ते लाटव्हिया देशात आहे. १९७१ च्या युद्धाच्या वेळी ती नौदलात होती. १८ ऑक्टोबर १९८९ रोजी निवृत्त झाली. त्यानंतर खांदेरी नावाची पाणबुडी कितीतरी वर्षे नव्हती. नाव जणू खुंटीला टांगून ठेवले होते. मग माझगाव गोदीत, फ्रान्सच्या आराखड्यावरून, नवी पाणबुडी बांधली. जानेवारी २०१७ मध्ये ती पाण्यात उतरवली. जहाज पहिल्यांदा पाण्यात उतरवताना बाईच्या हाताने ते काम करायची रीत आहे. या वेळी तेव्हाचे संरक्षण राज्यमंत्री, धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे यांच्या पत्नी बीना भामरे यांनी ते केले. सगळ्या तपासण्या होऊन २८ सप्टेंबर २०१९ रोजी नवी खांदेरी नौदलात दाखल झाली.

एक गंमत सांगतो. जुनी पाणबुडी नव्वद मीटरांहून लांब होती. नवी साडेसदुसष्ट मीटर. नातू आज्यापेक्षा ठेंगणा, पण हुशार आहे!

खांदेरीच्या सोबतच्या साऱ्या बहिणींचेही असेच आहे. कलवरी, करंज, वेला, वागीर, वागशीर. या सगळ्या नावांच्या जुन्या पाणबुड्या रशियाकडून आलेल्या. आता त्याच नावांच्या नव्या पाणबुड्या मुंबईत बांधून झाल्या. शेवटची वागशीर जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. सहाच्या सहा नावे परत आली.

विक्रांतचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. विक्रांत म्हणजे पराक्रमी. ही विमाने वाहून नेणारी नौका. तिची पाठ म्हणजे सपाट मैदानच. तिच्यावरून विमान उडते आणि परत तिच्यावरच उतरते. पहिली विक्रांत इंग्लंडने महायुद्धासाठी बांधायला घेतली होती. तेव्हा तिचे नाव हर्क्युलिस होते. युद्ध संपले आणि काम अर्धे राहिले. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, पुरी करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी ती आपल्या नौदलात आली. १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशाच्या लढाईत ती बंगालच्या उपसागरात होती. तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते. त्यामुळे पुऱ्या वेगाने पळता येत नव्हते. तरी तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले आणि शत्रूची समुद्राची वाट बंद केली.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती. शाळेची पोरे पाहायला जात. पण जहाज पाण्यात उभे असले म्हणजे गंजते, आणि एवढे मोठे जहाज सांभाळायला पैसा फार लागतो. शेवटी २०१४ साली ती भंगारात विकली. काही लोक कोर्टात गेले. उपयोग झाला नाही. मला स्वतःला हे फार लागले होते. एवढी लढलेली नौका आणि शेवटी गॅसच्या कटरने तुकडे! पुढे २०१६ साली बजाज कंपनीने एक मोटारसायकल काढली, तिच्यात विक्रांतच्या लोखंडाचा थोडा अंश घातला होता. आपल्या भागातही एखादी ती गाडी धान घेऊन फिरत असेल, आणि चालवणाऱ्याला हे ठाऊक नसेल.

लोखंड असे गेले. पण नाव राहिले. कोचीच्या गोदीत नवी विक्रांत बांधली. ती आपल्या देशातच बांधलेली पहिली विमानवाहू नौका. पहिली २१३ मीटर लांब होती, ही २६२ मीटर. २ सप्टेंबर २०२२ रोजी ती दाखल झाली. त्याच दिवशी नौदलाचा झेंडाही बदलला, आणि त्यावरचे आठ कोनांचे चिन्ह शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतले. जुन्या विक्रांतवर एक घंटा होती. ती जपून ठेवली होती. २०२३ साली ती घंटा नव्या विक्रांतला नेऊन दिली. देऊळ पाडून नवे बांधले तरी घंटा जुनीच टांगतो, तसेच झाले.

इथपर्यंत ऐकून आजी म्हणेल, ही जहाजे म्हातारी होऊन गेली. त्यांचे नाव ठेवायला कोणाची हरकत असते? माझा मुलगा तसा नाही गेला.

तेव्हा आता खुकरीची गोष्ट. ही जरा सावकाश सांगतो.

खुकरी म्हणजे गुरखा सैनिकांच्या कमरेला असते ती वाकडी सुरी. या नावाची युद्धनौका १९५८ साली इंग्लंडहून आली. १९७१ च्या डिसेंबरात युद्ध सुरू झाले. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर मोठा हल्ला केला. म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळतात. पण पाकिस्तानची हंगोर नावाची पाणबुडी दीवच्या बाजूला समुद्रात लपली होती. तिला शोधून काढायला खुकरी आणि कृपाण या दोन नौका पाठवल्या. खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला होते. गोरखपूरकडचे. वय पंचेचाळीस.

शोधायला निघालेल्यालाच कधी कधी आधी गाठतात. जंगलात वाघाच्या मागावर जाणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. पाणबुडीचे कान या दोन्ही नौकांपेक्षा तिखट होते. तिने यांना दुरून ऐकले. ९ डिसेंबरच्या रात्री, नऊ वाजायच्या आत, हंगोरने पहिला पाणतीर कृपाणवर सोडला. तो चुकला. दुसरा खुकरीवर सोडला. तो लागला. काही मिनिटांत नौका बुडाली.

नौका बुडत असताना कप्तान मुल्ला आपल्या माणसांना बाहेर पडायला सांगत राहिले. पाण्यात तरंगायला जे जाकीट लागते, ते आपले जाकीट त्यांनी एका खलाशाला देऊन टाकले. स्वतः नौका सोडली नाही. तिच्यासोबत खाली गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

त्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. बेरीज करा बरे वहीत. १९४. वाचले ६७. एकशे चौऱ्याण्णव घरे देशभर. कोणाच्या घरी तार गेली असेल, कोणाच्या घरी ती वाचून दाखवणाराही नसेल. प्रेत नाही, राख नाही. समुद्राने काही परत दिले नाही.

आता सांगा, या नावाचे काय करायचे? पुसून टाकायचे?

अठरा वर्षे गेली. मुंबईच्या माझगाव गोदीत एक नवी नौका बांधून तयार झाली. देशातच बांधलेली. तिचे नाव ठेवले खुकरी. २३ ऑगस्ट १९८९ रोजी मुंबईत ती नौदलात दाखल झाली. त्या वेळी संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत होते. त्यांच्यासोबत, नौका दाखल करायला, आणखी एका व्यक्तीला मानाने बोलावले होते. त्या होत्या सुधा मुल्ला. कप्तान मुल्लांच्या पत्नी.

त्या आल्या. ज्या नावाने त्यांचे कुंकू नेले, त्याच नावाची नौका त्यांच्या हस्ते नौदलात गेली. त्यांच्या मनात त्या वेळी काय चालले असेल, ते मी कसे सांगू? मी एवढेच सांगतो की त्या आल्या.

ही दुसरी खुकरी बत्तीस वर्षे चालली. तिच्यावर एकामागून एक अठ्ठावीस कप्तान झाले. ६,४४,८९७ सागरी मैल ती फिरली. सागरी मैल आपल्या किलोमीटरहून मोठा असतो, जवळजवळ दुप्पट. हिशेब केला तर सुमारे बारा लाख किलोमीटर होतात. पृथ्वीला तीस वेळा वळसा घालण्याइतके. २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणमला ती निवृत्त झाली. सूर्य मावळताना तिच्यावरचा राष्ट्रध्वज आणि नौदलाचा झेंडा शेवटचा उतरवला. तिला भंगारात दिले नाही. पुढच्या महिन्यात ती दीवच्या प्रशासनाकडे सोपवली. पहिली खुकरी ज्या दीवच्या समुद्रात बुडाली, त्याच दीवला दुसरी खुकरी संग्रहालय म्हणून ठेवायला दिली. तिथे किनाऱ्यावर पहिल्या खुकरीचे स्मारक आधीपासून आहेच.

आणि शत्रूचे काय? ज्या हंगोरने खुकरी बुडवली, ती निवृत्त होऊन कराचीच्या संग्रहालयात उभी आहे. पाकिस्तानने चीनमध्ये नव्या पाणबुड्या बांधायला दिल्या. त्यांतली पहिली २०२४ च्या एप्रिलमध्ये पाण्यात उतरली. तिचे नाव ठेवले हंगोर. म्हणजे नाव सांभाळायची रीत दोन्हीकडे एकच.

इंग्लंडात ही रीत फार जुनी आहे. त्यांचे व्हिक्टरी नावाचे एक मोठे लढाऊ जहाज १७४४ साली वादळात बुडाले. हजाराहून जास्त माणसे होती. एकही वाचला नाही. थोड्याच वर्षांनी त्यांनी नवे जहाज बांधायला घेतले आणि त्याला तेच नाव दिले. ते १७६५ साली पाण्यात उतरले. त्याच जहाजावरून १८०५ साली त्यांचा नेल्सन नावाचा सेनापती लढला, जिंकला आणि लढाईतच मेला. ते लाकडी जहाज आजही पोर्ट्समथ बंदरात जपून ठेवले आहे. लोक तिकीट काढून पाहायला जातात. आधीच्या व्हिक्टरीचे कोणाला फारसे आठवत नाही, हेही खरे.

नावाला भिणारेही होते बरे का. जर्मनीत हिटलरचे राज्य असताना त्यांच्या एका युद्धनौकेचे नाव 'डॉइचलँड', म्हणजे जर्मनी, असे होते. महायुद्ध सुरू झाले आणि हिटलरला धास्ती वाटली, की ही बुडाली तर लोक म्हणतील, जर्मनी बुडाली! त्याने तिचे नाव बदलून टाकले. नाव बदलल्याने नौका वाचली नाही. युद्धाच्या शेवटी तिचीही वाट लागलीच. तेव्हा नावाची धास्ती आपल्या आजीलाच वाटते असे नाही. लाखो सैन्य बाळगणाऱ्यालाही वाटली होती. मात्र दोघांच्या धास्तीत फरक आहे. त्याला आपल्या नाकाची काळजी होती. आजीला आपल्या मुलाची आठवण सोसत नाही.

हे सगळे मी परवा आजीला तिच्या ओसरीवर बसून सांगितले. ती धान पाखडत होती. खुकरीची गोष्ट आली तेव्हा तिचे सूप थांबले. म्हणाली, "ते बाई आली होती म्हंता?" मी म्हटले, हो, आली होती. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण गुरुजी, जहाज लोखंडाचं असते. पोरगा तं पोटचा."

मी म्हटले, आजी, खरे आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. जहाजाला आई नसते. पण त्या जहाजावरच्या १९४ जणांना होती.

तिने पुन्हा सूप हाती घेतले. सुनेने चहा आणला. धाकटा मुलगा बांधीवरून आला, त्याने आईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पाय धुवायला निघून गेला. त्या विषयावर तिथे आणखी बोलणे झाले नाही.

निघताना आजीने मला एक काम सांगितले. तिला तिच्या थोरल्या मुलाचे नाव लिहायला शिकायचे आहे. आजवर तिने ते फक्त तोंडाने घेतले, डोळ्यांनी कधी पाहिले नाही. मी पाटीवर लिहून दिले. तीन अक्षरे आहेत, त्यांत एक जोडाक्षर आहे, ते तिला जड जाते. काल रात्री वर्गात तिने ते चार वेळा गिरवले. चौथ्या वेळेस चांगले आले.

बारसे येत्या रविवारी आहे. मला बोलावणे आले आहे. नाव काय ठेवणार, ते त्या घरची माणसे ठरवतील.